त्या पिवळ्या थराचं वय

इंदू,

तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. तुझ्या भावानं, दत्तानं पिंड ठेवला, हात जोडले, अजून नीट मागंही सरकला नव्हता, तेवढ्यात ओढ्याकाठच्या बाभळीवरून एक उतरला आणि चोच मारून भात घेऊन गेला. कुणाला काही बोलायची वेळच आली नाही.

मी तयारीनं आले होते. माझी तयारी तुला माहीत आहे. पाण्याचे जार, पत्रावळी, धारूरच्या स्टँडवरून पाहुणे आणायला जीप, सगळं लावून झाल्यावर मी मनात एक वाक्यही लावून ठेवलं होतं. कावळा अडेल. दत्ता म्हणेल, 'आईला मी बघतो', तरी शिवणार नाही. चुलते म्हणतील, 'तुझी पुस्तकं कॉलेजला देऊ', तरी नाही. मग सगळे एकमेकांकडं बघायला लागतील आणि मी पुढं होऊन म्हणेन, 'इंदू, त्या पिवळ्या थराचा निकाल मी लावते.' तेव्हा तो शिवेल. माणसं विचारतील, कसला थर? मी सांगणार नाही. तुझं काहीतरी असं आहे जे फक्त माझ्यापाशी आहे, हे चारचौघांना दिसावं, एवढंच मला हवं होतं.

"सुकानं गेलं लेकरू," तुझी चुलती म्हणाली. "कशात जीव न्हाई गुतला तिचा."

सगळ्यांना हायसं वाटलं. मला राग आला. कशातच नाही? इतकी वर्षं माझ्याशी तावातावानं भांडलीस, मध्येच फोन ठेवलेस, परत केलेस, आणि जाताना त्यातलं काहीच तुला अडलं नाही? कावळ्यावर माझा विश्वास नाही. तुझाही नव्हता. पण विश्वास नसला म्हणून अपमान कमी झाला असं काही मला वाटलं नाही. जेवणाच्या पंगतीत मी वाढप्यांवर उगाच ओरडले.

हे वाचणाऱ्यांना आपलं भांडण सांगायला हवं. "असं नव्हतं ते," म्हणत मध्ये तोडायला तू नाहीस, तेवढं माझं काम सोपं झालंय.

तू बंद पडलेल्या युरेनियमच्या खाणींत उतरायचीस आणि मी प्रयोगशाळेत बसायचे. खाणीतलं मूळ धातुक काळं, जड, दिसायला अगदी सामान्य. जमिनीच्या पोटात हवा पोचत नाही तोवर ते युगानुयुगं जसंच्या तसं राहतं. माणसं बोगदा खणतात, हवा आत शिरते, पाणी झिरपायला लागतं आणि लोखंड गंजावं तसं ते काळं धातुक गंजतं. त्यातलं युरेनियम पाण्यात उतरतं, पाण्याबरोबर भिंतीवर येतं. पाणी सुकलं की मागं राहतो पिवळा, हिरवट, कधी केशरी पापुद्रा. माणसं खाण सोडून गेल्यावर तिथं आपली आपण तयार झालेली ही नवी खनिजं. शास्त्रात त्यांना दुय्यम खनिजं म्हणतात. तुला तो शब्द चालायचा नाही. "दुय्यम काय म्हणतीस? धाकटी म्हण," म्हणायचीस. तू तुझ्या घरात धाकटी.

त्यांचं वय काढायचं काम माझं. युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. म्हणून पाण्यातून नुकत्याच बसलेल्या थरात युरेनियम असतं, थोरियम नसतं. पुढं युरेनियमचे अणू अतिशय सावकाश मोडत जातात आणि त्यांच्यापासून झालेलं थोरियम थरात साठत राहतं. ते किती साठलं हे मोजलं की थर कधी बसला ते कळतं. अट एकच. ते थोरियम तिथंच जन्मलेलं हवं. दुसरीकडून आलेलं मिसळलं, तर कालचं पोर आजोबा ठरतं.

पूर्वेकडच्या एका जुन्या खाणीतून तू तो थर आणलास. बोगदा आपल्या आज्यांच्या हयातीत खणलेला. त्याच्या भिंतीवरचा थर त्या बोगद्यापेक्षा जुना असायचं कारण नव्हतं. माझ्या यंत्रानं वय दिलं ते हजारो वर्षांचं.

"घर बांधायच्या आधी भिंतीला चुना लागला म्हणायचा," मी म्हणाले.

"घराच्या आधी तिथं फट होती," तू म्हणालीस. डोंगरात पूर्वीपासून एक भेग होती, तिच्यातून पाणी वाहत होतं, थर तिथं हजारो वर्षांपूर्वीच बसला, आणि खाणवाल्यांनी बोगदा खणताना ती भेग फक्त उघडी केली, असं तुझं म्हणणं. खरं असतं तर मोठी गोष्ट होती. त्या डोंगरात पाणी कधीपासून फिरतंय, युरेनियम कुठवर नेतंय, हे त्या एका पापुद्र्यावरून सांगता आलं असतं.

"काळ्या धातुकाचा कण मिसळलाय," मी म्हणाले. "त्यात थोरियम पूर्ण मुरलेलं असतं. चिमूटसुद्धा लागत नाही."

"मिसळला असता तर तुझ्या तपासणीत दिसला असता की."

"तपासणीत बाहेरची माती दिसते. धातुकाचाच कण असला तर दिसणार नाही."

"म्हणजे पुरावा सापडत न्हाई, हाच तुझा पुरावा. लई हुशार हायस. बाईमाणूस हायस म्हणून 'काय बे' म्हणत न्हाई तुला."

तिथं आपण अडलो ते अडलोच. पुढं त्या खाणीत पाणी भरलं आणि दुसरा नमुना मिळायची वाट बुजली. उरला नखाएवढा एक तुकडा, माझ्या प्रयोगशाळेत, झाकणबंद डबीत. मोजायचा म्हणजे आम्लात विरघळवायचा. मोजला की संपला. दोघी हजर असल्याशिवाय डबी उघडायची नाही असं आपलं ठरलं. तू अंबाजोगाईला कॉलेजात शिकवायला आलीस, परीक्षा, सहली, तुझ्या आईच्या, माईच्या डोळ्याचं ऑपरेशन, यायचं राहत गेलं. मीही फारसा आग्रह धरला नाही. भांडण मिटलं नव्हतं तोवर तुझा फोन येत होता.

आता तू नाहीस म्हणून खोटं कशाला बोलू. मला तुझा हेवा वाटायचा, आणि तो त्या थराच्या कितीतरी आधीपासूनचा. एकदाच तुझ्याबरोबर खाणीत आले होते. हेल्मेट तपासलं, विजेरीचे सेल तपासले, छातीवर किरणं मोजायचा बिल्ला लावला, किती वेळ आत थांबायचं ते आधीच ठरवून घेतलं. आत गेल्यावर मला फक्त ओली भिंत दिसत होती. तू म्हणालीस, दिवे बंद कर. मग तू तो अतिनील किरणांचा छोटा दिवा लावलास आणि भिंतीवर हिरवा उजेड फुटला. ओघळ, थेंब, बारीक नक्षी, सगळं आतून पेटल्यासारखं. तू दिवा हळूहळू भिंतीवरून फिरवत राहिलीस. मी घड्याळ बघितलं आणि वेळ संपत आल्याचं सांगितलं.

"सुलभे," तू अंधारात म्हणालीस, "तू मेल्यावर यमाकडं उशिरा पोचलीस तर लई वाईट वाटंल तुला."

बाहेर आल्यावर खाणीच्या फाटकावरच्या रखवालदारानं चहा आणला. तुला दिला. माझ्यासाठी परत आत जाऊन आणावा लागला. हे असं नेहमीचं. तू कुठंही जा, कुणीतरी तुझ्या वाटणीचा चहा घेऊन उभं असायचं. मी त्याच माणसांच्या मुक्कामाची, गाडीची, परवानगीच्या कागदांची सोय लावलेली असायची आणि ती मला 'मॅडम' म्हणून दोन हात लांब उभी राहायची. आपल्या शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं आलं तेव्हा मी अभिनंदनाचे पेढे आणले. पेढे चांगले होते. मला एकही खाववला नाही.

कॉलेजातल्या शोकसभेत तुझ्या विद्यार्थिनी ढसाढसा रडत होत्या. मलाही चार शब्द बोलायला सांगितलं. मी तुझ्या कामाचा आढावा दिला, क्रमानं, काही न गाळता. माझ्यानंतर एक पोरगी उठली आणि तू खडक ओळखायला शिकवताना आपल्या बालाघाटाच्या काळ्या दगडाची कशी चेष्टा करायचीस तेवढंच बोलली. "सगळा जिल्हा एकाच कढईतला," असं म्हणायचीस म्हणे. सभा हसली आणि मग सगळी परत रडायला लागली. माझा आढावा कुणाच्या लक्षात राहिला नसणार.

गावात तर तुझ्या मरणाची वेगळीच गोष्ट झाली आहे. भर दुपारी वर्गातून बाहेर येताना तुझं हृदय बंद पडलं, डॉक्टरांनी तसं सांगितलंय, माझ्याकडं कागद आहे. पण लोक म्हणतात, बाईला खाणीतली किरणं लागली. मी तिथं बसून समजावून सांगितलं की बिल्ल्याचे आकडे कायम मर्यादेच्या आत होते. दत्ताच्या मित्रानं मान डोलवली आणि शेजारच्याला हळूच म्हणाला, "मॅडम सांगायल्यात ते बरुबर हाय, पण किरणं लागलीच व्हती." तुझं साधं मरणसुद्धा लोकांनी साधं राहू दिलं नाही. मी मेले तर लोक विचारतील, बीपीची गोळी चुकली होती का.

दहाव्याची आवराआवर झाल्यावर मी मुक्कामाला थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी माई विळा घेऊन घरामागच्या तुकड्यात कडवळ कापायला गेली. ऊन चढायच्या आत म्हशीला वैरण टाकायची असते, लेक गेली तरी. मी मदतीला गेले. दुसरा विळा घेऊन मी नीट मुठी धरून, सरळ रेषेत कापत होते. माईनं बघितलं.

"बाई, एवढं वर न्हाई कापायचं."

"माती येते खाली."

"येऊ द्या की. झटकायची." ती वाकली, ताटांच्या मुळाशी पातं जवळजवळ जमिनीला टेकवलं आणि सपकन ओढलं. ताटांबरोबर मातीचा पातळ पापुद्रा निघून आला. "आमची सगळ्यांची अशीच सवय. ऊस बुडातूनच काढायचा असतो. गोडी समदी बुडाला. वर खोड राह्यलं की मुकादम शिव्या द्यायचा. इंदीला मी अशीच शिकवली. बारकी व्हती, हातात कोयता मावंना, पण एक खोड वर दिसायचं न्हाई तिचं."

तू लहानपणी माई-बापांबरोबर ऊसतोडीला जायचीस हे मला माहीत होतं. तू ते कधी लपवलं नाहीस, कधी मिरवलंही नाहीस. मी मूठ हातात धरून तशीच उभी राहिले. मुळाला चिकटलेली माती बघत होते आणि मला तुझा हात दिसत होता. नमुना घेताना सगळे पापुद्र्याचा वरचा भाग पात्याच्या टोकानं खरवडतात. थोडा थर भिंतीवर राहिला तर राहू देतात. तू तसं कधीच केलं नसणार. तू पातं भिंतीला आडवं टेकवून थर बुडातून काढला असणार. खोड न ठेवता. आणि ती भिंत काळ्या धातुकाची होती.

त्या तुकड्याच्या खालच्या बाजूला एक काळपट कड होती. दोघींनी भिंगातून पाहिली होती. लोखंडाचा डाग, असं तूच म्हणाली होतीस आणि मला ते पटलं होतं.

"काय झालं? कापलं का बोट?" माईनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

परत शहरात आल्यावर डबी काढून टेबलावर ठेवली आणि बरेच दिवस तशीच ठेवली. तुझ्याशिवाय उघडायची नाही असं ठरलेलं होतं, हे एक कारण. दुसरं कारण असं की न उघडता ठेवली तर आपलं भांडण चालू राहणार होतं. तू गेलीस तरी 'इंदूचं म्हणणं असं आहे' असं मला वर्तमानकाळात म्हणता आलं असतं. उघडली आणि तू बरोबर निघालीस, तर एवढंही तुझंच, आणि मला ते आनंदानं जाहीर करावं लागणार. मी बरोबर निघाले, तर ते कुणाला ऐकवायचं? मी या दोन्ही बाजू नीट मांडून बघितल्या, नेहमीसारख्या, आणि यावेळी त्यातून काहीच निघालं नाही.

शेवटी उघडली ती तुझ्या एका विद्यार्थिनीच्या फोनमुळं. तिनं विचारलं, तुमच्याकडं बाईंचा शेवटचा नमुना आहे असं ऐकलंय, मी त्यावर काम करू का? मी म्हटलं, त्यावर काम चालू आहे. फोन ठेवला, हातमोजे घातले. आपल्या भांडणात तिसरं माणूस शिरलेलं मला चालणार नव्हतं.

पापुद्रा भिंगाखाली धरून सुईनं वेगळा केला. वरचा पिवळा, मधला पिवळा, आणि ती खालची काळपट कड. तिघांना वेगवेगळं विरघळवलं, वेगवेगळं मोजलं. वरच्या थरात थोरियम जवळपास नव्हतंच, मधल्यातही नाही. बोगद्याच्या वयात सहज बसतील असे दोन्ही. हजारो वर्षं सगळी त्या कडेत होती. कड लोखंडाची नव्हतीच, धातुक होतं. पहिल्या वेळी आपण थर कडेसकट दळून मोजला आणि त्या कडेनं सगळ्याला म्हातारं करून टाकलं. फट नव्हती, इंदू. पाणी तिथं आलं ते माणसं आल्यानंतरच.

मी बरोबर होते. यंत्राच्या पडद्यासमोर बसून मी ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. शेजारच्या खोलीतला सहकारी डोकावला, म्हणाला, काही हवंय का? मी नाही म्हणाले आणि भांडी धुवायला घेतली.

भांडी धुताना लक्षात आलं की हेवा गेलेला नाही. उलट वाढलाय. तू एका खोट्या फटीवर इतकी वर्षं जीव लावलास. तिच्यातून वाहिलेलं पाणी, त्याच्याही आधीचे पावसाळे, त्या डोंगराच्या पोटातली ती सगळी जुनी हालचाल, तू मला फोनवर सांगायचीस तेव्हा ते मला दिसायचं. दिसायचं आणि मी म्हणायचे, पुरावा दे. मी त्या थराची गोष्ट कधी रचली नाही, फक्त तुझी खरी नाही एवढंच म्हटलं. माझं चुकायला माझं असं काही त्यात नव्हतंच. तुझी चूकसुद्धा माझ्या बरोबर असण्यापेक्षा मोठी होती, आणि ती चूक मीच माझ्या हातानं धुवून टाकली. तुकडा संपला. बाटलीत जे उरलं ते नियमाप्रमाणं कचऱ्यात गेलं.

या महिन्याच्या तिथीला परत गावी आले. दत्तानं घाटाखालच्या फाट्यावरून मोटारसायकलवर आणलं. दुपारी जेवणं झाल्यावर माई ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसली.

"तुमचं ते भांडण व्हतं ना, दगडाचं," ती म्हणाली. "इंदी सारखी सांगायची. सुलभी ऐकत न्हाई म्हनायची. त्याचं काय झालं?"

मला वाटलं होतं, ही गोष्ट तिला माहीत नसेल. दोघींचीच समजत होते मी.

"मिटलं, माई."

"कोन बरुबर निघालं?"

इथं खोटं बोलायला हरकत नव्हती. म्हाताऱ्या आईला, महिन्याच्या तिथीला, कुणीही बोललं असतं. पण तुला सांभाळून घेतलेलं तुला कधी खपलं नाही आणि मी तुला कधी सांभाळून घेतलं नाही. आपल्यात तेवढं एक सरळ होतं.

"मी," मी म्हणाले.

"म्हंजी आमची इंदी चुकली."

"हो."

"काहून चुकली?"

मी सांगितलं. भिंतीवर पिवळा थर असतो, भाकरीच्या पापुद्र्यासारखा. बाकीचे तो वरवर खरवडतात. इंदूनं पातं भिंतीला टेकवून बुडातून काढला. म्हणून भिंतीचा काळा दगड थोडा त्याच्याबरोबर आला आणि हिशोब चुकला.

"बुडातून?" माई म्हणाली.

"बुडातून."

"खोड ठिवलं न्हाई?"

"अजिबात नाही. भिंतीच्या सालीसकट काढला."

माईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग मान वळवून आत हाक मारली. "दत्ता, आरं हिकडं ये. इंदीनं खानीतबी बुडातूनच काढलं म्हनं. एवढी शिकली, पर हात न्हाई इसरली." दत्ता ओला हात पुसत बाहेर आला. "सांगा त्याला, बाई. कसं काढलं ते सांगा."

मी सांगितलं. दत्ता हसला. तू गेल्यापासून तो हसलेला मी पहिल्यांदाच बघत होते. "आन आई मला म्हनायची, तुला कापाया येत न्हाई, इंदीला येतं," तो म्हणाला. माईनं पदरानं डोळे पुसले आणि ती पुसत असताना तिचा चेहरा असा झाला होता की मला दुसरीकडं बघावं लागलं. माझ्या आईनं मला कपाट कसं लावायचं ते शिकवलं. मी आजही तसंच लावते. ते बघून आई अशी कधी कुणाला हाक मारायला उठली नाही. मी बरोबर कशी निघाले, हे त्या ओसरीवर कुणी विचारलंही नाही.

तेवढ्यात तुझी चुलती काठी टेकत अंगणात आली. माईनं सरकून तिला जागा केली.

"बाई, आजून एकदा सांगा," माई म्हणाली. "जरा मोठ्यानं. हिला ऐकू कमी येतंय."

मी घसा साफ केला आणि तुझी चूक पहिल्यापासून सांगायला घेतली.